वेलांटी आधी, अक्षर नंतर

रत्नागिरीतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. २००३ सालचा. पेंटियम ४ प्रोसेसर, २५६ एमबी रॅम (पुढे वाढवून ५१२), ४० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी आणि मागच्या प्रिंटर पोर्टला खोचलेलं काडेपेटीएवढं डाँगल. ते डाँगल काढलं की मराठी टाइप होणं बंद. लहानपणी मला वाटायचं, मराठी त्या डबीतच राहते.

या मशिनवर बाबांनी काय काय छापायला दिलं त्याची यादी केली तर आमच्या तालुक्याचा अर्धा संसार निघेल. लग्नपत्रिका, शिमग्याच्या पावत्या, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं, हापूसच्या पेटीवरची लेबलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका. त्यातली एक स्मरणिका २००६ची. एका निवृत्त गुरुजींनी दोन वर्षं वाडीवाडी फिरून मानकऱ्यांची यादी, पालखीचा मार्ग, कुठल्या घराकडे कुठला मान, हे सगळं लिहून काढलं होतं. चौसष्ट पानं.

मे २०२०मध्ये, लॉकडाऊनात, त्या गावच्या मुंबई मंडळातल्या एका काकांचा फोन आला. गुरुजी जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यांच्या हाताची वही कुठे गेली कोणाला ठाऊक नव्हतं, आणि छापील प्रतींपैकी जी देवळात होती तिला वाळवी लागली होती. "तुमच्याकडे फाइल असेल ना? व्हॉट्सॲपवर टाका."

फाइल होती. पण मार्चपासून बंद असलेल्या दुकानात जाऊन मशिन सुरू केलं तर निळा स्क्रीन. परत सुरू केलं, परत निळा. मी तेव्हा पुण्यातल्या नोकरीतून घरी येऊन बसलो होतो, इंजिनिअर मुलगा घरात असल्यामुळे मशिन दुरुस्त होणार हे बाबांनी गृहीत धरलेलं होतं.

टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नुसत्या सीडी. त्यात एक कागदी पाकिटातली निघाली, उबुंटू ७.०४. ती कुठून आली ते मला आठवत होतं. माझा आतेभाऊ २००७मध्ये इंजिनिअरिंगला होता. उबुंटूवाले तेव्हा 'शिपइट' नावाची योजना चालवत. वेबसाइटवर पत्ता भरायचा, आणि जगात कुठेही सीडी पोस्टाने फुकट घरी. २००५ ते २०११ ही योजना चालली. एक पैसा न देता परदेशातून पाकीट येतं म्हणजे यात काहीतरी गोम आहे, अशी आजीची खात्री होती. दादाने ती सीडी याच मशिनमध्ये घातली, तपकिरी रंगाचा डेस्कटॉप आला, सगळ्यांनी बघितला. बाबांनी एकच विचारलं, "यात माझा फॉन्ट चालतो का?" चालत नव्हता. सीडी ड्रॉवरमध्ये गेली ती तेरा वर्षं.

आता तीच सीडी पुसून घातली. लाइव्ह सीडी म्हणजे हार्डडिस्कला हात न लावता सगळी ऑपरेटिंग सिस्टिम सीडीवरून थेट रॅममध्ये चालवायची सोय. चार-पाच मिनिटं ड्राइव्ह घरघरला आणि तो तपकिरी डेस्कटॉप पुन्हा आला. एक्सपी मेलं होतं, पण एक्सपीची डिस्क अजून वाचता येत होती. पेनड्राइव्ह लावून सतरा वर्षांचं काम एका दुपारी कॉपी केलं. मधे एकदा लाइट गेली, यूपीएस किंचाळायला लागला, पण निभावलं.

या सीडीमागे केवढा मोठा इतिहास आहे, तो इथे थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने सप्टेंबर १९८३मध्ये जाहीर केलं की आपण एक संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणार, तिचं नाव ग्नू. कोणीही वापरावी, आतला कोड बघावा, बदलावा, वाटावी. बाकीचे बरेच भाग तयार झाले, पण गाभा, म्हणजे कर्नल, काही होईना. तो आला फिनलंडमधून. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जानेवारी १९९१मध्ये हप्त्यांवर एक ३८६ कॉम्प्युटर घेतला होता, रॅम ४ एमबी. त्यावर त्याने स्वतःपुरतं लिहायला घेतलं आणि २५ ऑगस्ट १९९१ला लोकांना सांगितलं की मी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, हौस म्हणून. लिनक्स जन्मलं ते असं, विद्यार्थ्याला परवडलेल्या घरगुती मशिनवर. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालतं याचं आपल्याला कौतुक वाटतं, पण त्याचं मूळच तिथे आहे.

नंतर याच कामाला वाहून घेतलेली माणसं निघाली. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरने २००३मध्ये 'पपी लिनक्स' काढलं, ते आख्खं रॅममध्ये मावायचं. 'डॅम स्मॉल लिनक्स' नावाचं एक होतं, त्याने ५० एमबीची मर्यादा स्वतःवर घालून घेतली होती. आपल्याकडे 'पीसीक्वेस्ट'सारखी इंग्रजी मासिकं १९९०च्या दशकातच अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटू लागली. डाउनलोड हा शब्द ज्या गावांत फक्त वाचून माहीत होता, तिथे लिनक्स मासिकाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून पोचलं.

पोचलं खरं, पण दुकानात शिरलं नाही. विंडोज फुकट नाही हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं, कारण असेंबल केलेल्या मशिनवर ते 'टाकून मिळायचं'. त्यामुळे लिनक्स फुकट आहे या जाहिरातीचा इथे उपयोगच नव्हता. शिवाय २००१मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी गावोगाव पोचला, सरकारी नोकरीच्या अर्जाला ते सर्टिफिकेट लागू लागलं. माझ्या वर्गातला एकही मुलगा त्यातून सुटला नाही. त्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस. केरळने मात्र त्याच दशकात सरकारी शाळांचे कॉम्प्युटर मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि तिथली मुलं लिनक्सवर शिकून बाहेर पडली.

पण ही दोन कारणं वरवरची. खरं कारण बाबांनी २००७मध्येच विचारलं होतं आणि ते मला कळायला २०२० उजाडावं लागलं.

पेनड्राइव्हवरची स्मरणिका पेजमेकरमध्ये केलेली होती. पेजमेकर केव्हाच बंद पडलं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आणि लिबरऑफिस होतं. बंद पडलेल्या प्रोग्रॅमांच्या फाइली उघडता याव्यात म्हणून 'डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट' नावाचा गट २०१४ पासून काम करतो, त्यांच्यामुळे २०१५ पासून लिबरऑफिसला पेजमेकरची फाइल वाचता येते. मी ती उघडली. पानं आली, चौकटी आल्या, गणपतीचं चित्र आलं. आणि मानकऱ्यांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा, कंसांचा, उद्गारचिन्हांचा चिवडा.

असं का होतं ते नीट सांगायला हवं, कारण मराठीतल्या हजारो फाइली आज याच अवस्थेत पडून आहेत.

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे आधी ठरलेलं असावं लागतं. इंग्रजीचं ते १९६०च्या दशकात ठरलं. देवनागरीचं काम आपल्याकडे उशिरा नव्हे, बरंच लवकर सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी तंत्र बांधलं, ते पुढे १९८८मध्ये पुण्यात निघालेल्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' म्हणून वाढलं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं आणि पडद्यावर देवनागरी. त्या कामातून 'इस्की' हे प्रमाण आलं, १९९१मध्ये ते भारतीय मानक झालं. इन्स्क्रिप्ट हा कीबोर्डही त्याच घराण्यातला.

म्हणजे प्रमाण होतं. पण छपाईच्या धंद्याने ते घेतलं नाही. विंडोज आणि पेजमेकरला देवनागरी कळतच नव्हती, त्यांना दोनशेछप्पन्न खणांचा रोमन फॉन्ट कळत होता. मग एक जुगाड निघाला. फॉन्ट रोमनच आहे असं कॉम्प्युटरला भासवायचं आणि खणांत चित्रं मात्र देवनागरीची भरायची. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये डीच्या खणात क बसलेला असतो आणि एफच्या खणात पहिली वेलांटी. 'कि' लिहिलं की फाइलमध्ये साठतं एफ-डी. फॉन्ट काढून घेतला की कॉम्प्युटर प्रामाणिकपणे एफ-डीच दाखवतो. आणि प्रत्येक कंपनीने खण आपापल्या मर्जीने भरले, कारण गिऱ्हाईक बांधून ठेवायचं तर तेच सोयीचं.

या जुगाडाला शिव्या घालणं सोपं आहे. कॉलेजात असताना मीही घालायचो. पण श्रीलिपी, आकृती यांसारखी पॅकेजं नसती तर खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांतून मराठी बाहेरच पडली नसती आणि बाबांनी दुकान काढलंच नसतं. त्यांनी टायपिंगची 'मराठी ३०'ची सरकारी परीक्षा टाइपरायटरवर दिलेली. टाइपरायटरचा नियम असा की डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी मारायचं. 'शिर्के' लिहायचं तर आधी वेलांटी, मग श, मग क, मग मात्रा आणि रफार. जुगाडू फॉन्टने हा नियम जसाच्या तसा ठेवला. बाबांच्या बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही.

युनिकोडचा नियम उलटा. १९९१मध्ये आलेल्या या जागतिक प्रमाणाने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. म्हणजे मूळ विचार आपल्याचकडचा, तो जगाला फिरून तीस वर्षांनी आमच्या दुकानात परत आला. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठतात. 'शिर्के' म्हणजे श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. वेलांटी साठवताना श नंतर, दाखवताना श आधी. ही उलटापालट करायला ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत एक यंत्रणा लागते आणि ती समजणारा फॉन्ट लागतो. २००० सालच्या लिनक्समध्ये यातलं मराठीसाठी धड काहीच नव्हतं.

ते कोणी केलं, ही या इतिहासातली माझी आवडती जागा आहे. २०००च्या आसपास मुंबईत प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी 'इंडलिनक्स' सुरू केलं, लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी. मग २००४मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली सोडले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या टोपीचा रंग. हे फॉन्ट रेड हॅटला पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ज्यांची श्रीलिपी, त्यांनीच. डाँगलच्या मराठीचं आणि मोकळ्या मराठीचं माहेर एकच निघालं! हे वाचलं तेव्हा मी बाबांना फोन करून सांगितलं होतं. त्यांना विशेष वाटलं नाही. पुण्याचेच असणार, म्हणाले.

आणि देवनागरी आली म्हणजे मराठी आली असंही नाही. हिंदीचा ल आणि श वेगळा, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा. आपल्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक लागतो, एक समोर पसरलेला असतो, दुसऱ्या घाटात असतात. तो फरक दाखवायला फॉन्टला वेगळं शिकवावं लागतं. म्हणून लोहितचा मराठीसाठी वेगळा फॉन्ट होता. राज्य सरकारने मराठी वर्णमाला आणि ल, श यांची रूपं ठरवून देणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ला काढला. पुढे वेगळा फॉन्ट बंद झाला आणि एकाच लोहित देवनागरीत भाषा मराठी असली की मराठी वळणं दिसावीत अशी सोय आली.

मेनूतल्या शब्दांचं काम तर आणखी निमूट. लिनक्समधल्या प्रत्येक प्रोग्रॅमची भाषांतराची एक फाइल असते आणि तिच्या डोक्यावर शेवटच्या भाषांतरकाराचं नाव. मराठीच्या फाइली उघडत गेलात तर ग्नोममध्ये, फेडोरात, पुन्हा पुन्हा एकच नाव भेटतं, पुण्यात रेड हॅटमध्ये असलेल्या संदीप शेडमाके यांचं. हजारो वाक्यं. 'फाइल उघडता आली नाही' हे मराठीत कसं म्हणायचं, यावर कोणीतरी बसून विचार केलेला असतो. आपण ते वाचून ओके दाबतो.

परत स्मरणिकेकडे. मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या संध्याकाळी वाटलं, खणांचा तक्ता करायचा, या चिन्हाला ते अक्षर, झालं. तक्त्याने ऐंशी टक्के काम केलं आणि उरलेल्या वीस टक्क्यांनी तीन आठवडे खाल्ले. वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे टाकायची, पण पुढे जोडाक्षर असेल तर आख्ख्या जोडाक्षरामागे. रफार उचलून मागे न्यायचा, पण मधे मात्रा असेल तर तिला ओलांडून. एकच अनुस्वार दोन वेगळ्या खणांत, कारण वेलांटीवर तो जरा उजवीकडे द्यावा लागतो. काही ठिकाणी बाबांनी अक्षर देखणं दिसावं म्हणून हाताने तुकडे जोडले होते, अर्धा ष आणि वर एक काना. छापल्यावर ते उत्तम दिसतं, स्क्रिप्टला कळत नाही.

"हे काय केलंय बाबा तुम्ही?"

"अरे, 'क्ष'ची शेपटी नीट येत नव्हती त्यात."

जूनच्या तीन तारखेला निसर्ग वादळ आलं, लाइट गेली. त्या दिवसांत बाबा छापील प्रतीचे व्हॉट्सॲपवर आलेले फोटो बघून चुका सांगायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचो. वाळवीने खाल्लेली सहा पानं फोटोत नव्हतीच. त्या पानांना फाइल हा एकच आधार होता, त्यामुळे तिथली नावं स्क्रिप्टने चुकवली तर चूक कोणालाच कळणार नव्हती. ती पानं आम्ही दोघांनी फॉन्टचा खणांचा तक्ता समोर ठेवून अक्षरन् अक्षर लावली. एका मानकऱ्याचं आडनाव 'शिर्के' की 'शिरके', तेवढ्यासाठी गावात फोन केला. गुरुजींनी 'शिर्के' लिहिलं होतं. घरच्यांनी सांगितलं, आम्ही 'शिरके' लावतो. आम्ही गुरुजींचं ठेवलं आणि तळटीप दिली.

जुन्या मशिनला त्याच पावसाळ्यात दुसरी हार्डडिस्क बसवली आणि 'अँटीएक्स' टाकलं. ही ग्रीसमधून निघणारी, डेबियनवर बेतलेली हलकी लिनक्स. ५१२ एमबीत ती आरामात उठते. लिहायला, हिशेबाला, प्रिंट काढायला मशिन नव्यासारखं. इंटरनेटला मात्र नाही, आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका म्हणणारे लोक हे पुरेसं मोठ्याने सांगत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम हलकी करता येते, पण वेबसाइट हलक्या करणं तुमच्या हातात नाही. बातम्यांची एक साइट उघडली की रॅम संपते.

बाबांच्या बोटांचा प्रश्न राहिला होता. लिनक्समध्ये एम१७एन नावाचा कीबोर्डांचा संग्रह आहे, त्यात मराठीच्या इन्स्क्रिप्टशेजारी टाइपरायटरची मांडणीही कोणीतरी करून ठेवलेली मिळाली. काही कळा बाबांच्या सवयीशी जुळल्या, काही नाही. न जुळलेल्या मी त्यांच्या सांगण्यावरून बदलल्या. साध्या मजकुराची फाइल आहे, कोणालाही बदलता येते. डाँगलच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कधीच शक्य झालं नसतं.

पण या बाजूलाही कायमचं काही नाही. ज्या ३८६वर लिनक्स जन्मलं, त्या ३८६चा आधार डिसेंबर २०१२मध्ये लिनक्समधून काढून टाकला गेला, खुद्द लिनसने तो बदल स्वीकारला आणि त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. आमच्या पेंटियमसारख्या ३२ बिट मशिनांची पाळी नंतर आली. उबुंटूने २०१७मध्ये त्यांच्यासाठी डेस्कटॉपची सीडी बंद केली, फेडोराने २०१९मध्ये कर्नल, लिनक्स मिंटने आपली मुख्य आवृत्ती २०२०मध्ये. डेबियन सगळ्यात चिवट, पण ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ न चालणारे, पण लिनक्सवर पळणारे ६४ बिट कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत ढिगाने दिसू लागले. त्यातलाच एक आता बाबांच्या मुख्य टेबलावर आहे.

स्मरणिका २०२०च्या गणपतीआधी मंडळाला पाठवली. युनिकोडमध्ये, त्यामुळे आता तिच्यात नाव शोधता येतं. मुंबईच्या त्या काकांनी पहिलं काम तेच केलं, स्वतःच्या आजोबांचं नाव शोधलं. मिळालं नाही. त्यांचा फोन आला तेव्हा बाबांनी फाइल उघडून बघितली. पान बेचाळीसवर, तिसऱ्या ओळीत नाव होतं, फक्त त्यातला र्‍हस्व उकार स्क्रिप्टने दीर्घ केला होता. बाबांनी तिथल्या तिथे सुधारलं. मग मला म्हणाले, बाकीच्या पण बघून घेऊ. तशा फाइली एकूण दोन हजार तीनशे आहेत. परवापर्यंत चारशे अकरा झाल्या.